मेडल्सचा सातबारा कसा वाचायचा: फिलिप नीम नावाच्या इंजिनियर ऑफिसरची गोष्ट

परवा भाच्याने व्हॉट्सॅपवर एका म्हाताऱ्या इंग्रज जनरलचा फोटो पाठवला, छातीवर रिबिनींच्या ओळीच्या ओळी, आणि खाली प्रश्न, "मामा, एवढी मेडल्स म्हणजे या माणसाने एवढ्या वेळा जिवावर उदार होऊन काहीतरी केलं का?" उत्तर एका शब्दात द्यायचं तर नाही. पण एका शब्दात उत्तर दिलं तर मी मामा कसला, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ब्रिटिश ऑफिसरची मेडल्सची पट्टी ही आपल्या सातबाऱ्यासारखी असते. जमीन कोणाच्या नावावर, किती, कुठला गट नंबर, बोजा आहे का, पीक कुठलं, हे सगळं सातबाऱ्यावर मिळतं, वाचता आला पाहिजे एवढंच. पण आजोबांनी त्या जमिनीत विहीर खणताना काय खस्ता खाल्ल्या आणि कुठल्या वर्षी पीक बुडालं म्हणून घरात चूल पेटली नव्हती, हे त्यावर नसतं. मेडल्सचं अगदी तसंच आहे. माणूस कुठे होता, कधी होता, एखाद्या दिवशी त्याने काय केलं ते कळतं, बाकीचं आयुष्य पट्टीच्या बाहेर राहतं.

हे समजवायला मी मुद्दाम फिलिप नीम निवडलाय. आडनाव नीम म्हटल्यावर आपल्याला कडुनिंब आठवतो, पण याच्या घराण्याचा धंदा बियरचा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात फॅव्हरशॅम नावाचं गाव आहे तिथली शेफर्ड नीम ही जुनी ब्रुअरी यांचीच. जन्म डिसेंबर 1888 चा. पोरगा बियरच्या धंद्यात न जाता वुलिचच्या मिलिटरी अकॅडमीत गेला आणि 1908 मध्ये रॉयल इंजिनियर्समध्ये ऑफिसर झाला.

आता रॉयल इंजिनियर्स म्हणजे कोण ते थोडं सांगतो, कारण इंजिनियर म्हटलं की लोकांना वाटतं हेल्मेट घालून नकाशे बघणारा साहेब. लष्करातला इंजिनियर म्हणजे सॅपर. पूल बांधणं, पूल उडवणं, खंदक खणणं, तारांचं कुंपण घालणं, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणं, पाण्याची सोय करणं, रस्ते, नकाशे, जे काही दुसऱ्या कोणाला जमत नाही ते यांच्या गळ्यात. त्यांच्या बॅजवर लॅटिन शब्द आहे 'उबीक', म्हणजे सगळीकडे. बाकीच्या रेजिमेंट्स आपण जिंकलेल्या लढायांची नावं झेंड्यावर मिरवतात, यांच्याकडे तसली यादीच नाही, सगळीकडे होतो म्हटल्यावर यादी कशाला करायची! आणि एक जुनी गोष्ट मला फार आवडते, ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात 1871 पर्यंत ऑफिसरची जागा चक्क पैसे देऊन विकत मिळायची, पण तोफखाना आणि इंजिनियर्समध्ये तो प्रकार नव्हता, तिथे शिकूनच यावं लागायचं, कारण बापाच्या पैशाने पूल उभा राहत नाही.

आपला यांच्याशी संबंध काय असं विचाराल तर पुण्यात राहणाऱ्यांनी नळ उघडून बघावा. खडकवासल्याचं धरण ज्या फाइफसाहेबाने उभं केलं, ज्याच्या नावाने त्या तलावाला लेक फाइफ म्हणायचे, तो याच इंजिनियर्सपैकी. मुंबई हायकोर्टाची इमारत, 1878 मध्ये पूर्ण झालेली, तिचा आराखडा करणारा फुलर पण यांच्यातलाच. म्हणजे शांततेच्या काळात धरणं आणि कोर्टं, लढाईत खंदक आणि सुरुंग. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं सेंटर आहे ते तर सगळ्यांना माहितीच आहे, त्यांच्याकडे पुढे येतोच.

तर नीम. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा साहेब जिब्राल्टरला होते, तिथून 15 व्या फील्ड कंपनीबरोबर नोव्हेंबर 1914 मध्ये फ्रान्सला. फील्ड कंपनी म्हणजे साधारण सव्वादोनशे माणसं, मूठभर ऑफिसर, गाड्या, घोडे, फावडी, पहारी, स्फोटकं. डिसेंबरच्या मध्यावर न्यूव्ह शापेल नावाच्या गावाजवळ पायदळाने जर्मनांचा एक खंदक घेतला होता. आता खंदक घेणं वेगळं आणि तो राखणं वेगळं, कारण त्या खंदकाचं तोंड उलट बाजूला असतं ना, आधी तो जर्मनांनी आपल्यासाठी खणलेला, त्यामुळे सगळी आडोशाची बाजू चुकीची. ती फिरवून घ्यायची, मातीची पोती रचायची, हे सॅपरचं काम. नीम त्यासाठीच तिथे गेला होता, लढायला नाही. तारीख 19 डिसेंबर, सव्विसावा वाढदिवस होऊन आठवडा झालेला.

तिथे पोचतो तर काय, खंदकाच्या कडेने जर्मन हातबॉम्ब टाकत पुढे सरकतायत आणि इंग्रजांकडचे बॉम्ब फेकणारे बरेचसे मेलेले किंवा जखमी, आणि जे बॉम्ब उरलेत ते पेटतच नाहीयेत. इथे जरा थांबून बॉम्ब कसला ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांकडे हातबॉम्ब जवळजवळ नव्हतेच, जे होते ते लांब दांड्याचे, खंदकात मागे हात नेला की दांडा मागच्या भिंतीला आपटायचा, म्हणजे फेकणाऱ्याचीच विकेट. मग सॅपर्सनी घरगुती उपाय काढला, जॅमचे रिकामे पत्र्याचे डबे घ्यायचे, त्यात स्फोटक आणि खिळे, लोखंडाचे तुकडे कोंबायचे, वरून वात काढायची, झाला बॉम्ब. टिकलर नावाच्या कंपनीचा जॅम सैनिकांना इतका मिळायचा की या बॉम्बना टिकलरचा तोफखाना म्हणायचे. आपल्याकडे दिवाळीत पोरं डब्याखाली सुतळी बॉम्ब लावतात त्याचाच थोरला भाऊ समजा, फक्त हा डबा हातात धरून पेटवायचा आणि मग फेकायचा.

प्रश्न पेटवण्याचा होता. ती वात साध्या काडीने धड धरत नाही, काडी आधी पेटवून मग वातीजवळ न्यायची तर ती अर्ध्यात विझते. नीमला एक ट्रिक माहीत होती, इंजिनियर होता ना, स्फोटकांशी रोजचा संबंध. काडीचं गुलाचं टोक वातीच्या कापलेल्या तोंडावर दाबून धरायचं, आणि काडी पेटीवर न घासता पेटी काडीवर घासायची. गूल भडकतं ती पहिली ज्वाळा थेट वातीच्या आत, वात पेटलीच पाहिजे. उदबत्ती लावताना सुद्धा आपण उलटंच करतो, आधी काडी मग उदबत्ती. एवढीशी गोष्ट, पण त्या खंदकात ती दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

मग नीम स्वतःच बॉम्ब फेकायला लागला. प्रत्येक वेळी फेकताना खंदकाच्या पायरीवर उभं राहायला लागायचं, म्हणजे डोकं आणि खांदे जर्मनांच्या समोर उघडे, त्यांनी मशीनगन लावलीच होती. फेकायचं, खाली बसायचं, परत पेटवायचं, परत उठायचं. असं जवळपास पाऊण तास त्याने एकट्याने जर्मनांना थोपवून धरलं आणि तेवढ्या वेळात जेवढे जखमी हलवता येण्यासारखे होते ते सगळे मागे नेले. 18 फेब्रुवारी 1915 च्या सरकारी गॅझेटमध्ये त्याचं नाव आलं, व्हिक्टोरिया क्रॉस.

हे झालं पट्टीवरचं पहिलं मेडल, आता ते जवळून बघू. व्हिक्टोरिया क्रॉस राणी व्हिक्टोरियाने 1856 मध्ये सुरू केला, क्रिमियाच्या युद्धाच्या निमित्ताने, आणि पहिल्यांदा 1857 मध्ये लंडनच्या हाइड पार्कात राणीने स्वतः 62 जणांच्या छातीवर लावला. त्यातली खरी नवीन गोष्ट ही की साधा शिपाई आणि ऑफिसर दोघांना एकच मेडल, तोपर्यंत असलं काही नव्हतं. दिसायला अगदी साधा, काळपट तपकिरी कांशाचा क्रॉस, वर सिंह आणि मुकुट, खाली 'फॉर व्हॅलर' म्हणजे शौर्यासाठी, आणि गडद लाल रिबीन. सोनं नाही, चांदी नाही, हिरा तर नाहीच. लोक सांगतात की हे धातू सेबास्तोपोलला पकडलेल्या रशियन तोफांचं आहे, पण तपासणी केली तर ज्या तोफांचे तुकडे वापरलेत त्या बनावटीने चिनी निघाल्या, तरी रशियन तोफांची गोष्ट अजून सगळीकडे चालू आहे आणि चालत राहणार. करतं कोण तर लंडनचे हॅनकॉक्स नावाचे सराफ, सुरुवातीपासून तेच. मागच्या बाजूला वर्तुळात तारीख कोरलेली असते आणि वरच्या दांडीच्या मागे माणसाचं नाव. म्हणजे हे मेडल एका माणसाला नाही, एका दिवसाला दिलेलं असतं असं म्हटलं तरी चालेल. आजवर साडेतेराशेच्या आसपास दिले गेलेत, दोनदा मिळवणारे फक्त तीन, त्यातले दोन डॉक्टर होते!

एक बारीक मुद्दा, जो मला स्वतःला उशिरा कळला. 19 डिसेंबर 1914 ला नीमने जे केलं त्यासाठी लेफ्टनंटला काय काय मिळू शकत होतं? आज आपण ऐकतो तो मिलिटरी क्रॉस तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो 28 डिसेंबरला, म्हणजे नऊ दिवसांनी सुरू झाला. त्यामुळे शिडीच्या पायऱ्या कमी होत्या, वर व्हिक्टोरिया क्रॉस, त्याखाली डीएसओ म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, आणि खाली रिपोर्टात नाव छापून येणं. म्हणून म्हणतो, दोन वेगळ्या काळातली मेडल्स शेजारी ठेवून कोण मोठा असलं भांडण करण्यात अर्थ नसतो, आधी त्या वर्षी दुकानात काय काय माल होता ते बघायचं.

हिंदुस्थानी सैनिकांचं तर याहून वेगळं. 1911 पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस हिंदुस्थानी सैनिकांना मिळायचाच नाही, त्यांच्यासाठी वेगळं मेडल होतं, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, 1837 पासूनचं, तीन इयत्तांचं, एक मिळालं की पुढच्या पराक्रमाला वरची इयत्ता. दिल्ली दरबारात 1911 ला जाहीर केलं की आता यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आणि नीमच्या त्या दिवसाच्या सात आठवडे आधी, 31 ऑक्टोबर 1914 ला बेल्जियममध्ये खुदादाद खानाने तो मिळवला, पहिला हिंदुस्थानी.

आता खडकीचा धागा. ज्या न्यूव्ह शापेलजवळ नीम डबे फेकत होता, त्याच गावात 28 ऑक्टोबर 1914 ला, म्हणजे साडेसात आठवडे आधी, 47 व्या शीख पलटणीबरोबर आपल्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या घुसल्या होत्या. सॅपर्सना पायदळासारखं वापरलं, गावात घराघरात हातघाईची लढाई झाली, गाव घेतलं आणि मदत न आल्यामुळे सोडावं लागलं, आणि दोन्ही कंपन्यांचे ऑफिसर जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले. पूल बांधायला शिकवलेली कसबी माणसं संगिनी घेऊन गल्लीत घालवली, हे मला आजही शहाणपणाचं वाटत नाही. त्या गावाबाहेर 1927 पासून हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे, ज्यांचं थडगं नाही अशा साडेचार हजारांहून जास्त माणसांची नावं त्या भिंतीवर आहेत.

आणि ती 21 नंबरची कंपनी लक्षात ठेवा. 1941 मध्ये त्याच 21 फील्ड कंपनीतला एक तरुण ऑफिसर, प्रेमिंद्र सिंग भगत, खडकीचाच सॅपर, सुदान-अॅबिसिनियाच्या सीमेवर मेतेम्मापासून पुढे रस्त्यावरचे सुरुंग काढत निघाला. चार दिवस, 55 मैल, 15 सुरुंगक्षेत्रं, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. दोनदा त्याची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, दुसऱ्या कोणाला काम द्यायला तयार नाही, म्हणाला मला आता याची सवय झालीय. त्याला पण व्हिक्टोरिया क्रॉस. नीमचा पाऊण तास आणि भगतचे 96 तास, मेडल तेच, कांशाचं, तेवढ्याच वजनाचं. मला विचाराल तर सॅपरच्या कामाचा खरा वास भगतच्या गोष्टीत जास्त येतो, पण ते माझं मत झालं.

बरं आता पट्टीवर पुढे सरकू. वाचायचं कुठून? समोरून बघताना तुमच्या डाव्या हाताकडून, म्हणजे घालणाऱ्याच्या छातीच्या मधल्या बाजूने, सगळ्यात मोठं तिथे असतं आणि मग उतरत्या क्रमाने. त्यामुळे पहिलं गडद लाल दिसलं की बाकी न बघता सॅल्यूट मारायचा. नुसत्या रिबिनी लावल्या असतील तर त्या लाल रिबिनीवर छोटासा क्रॉस चिकटवलेला असतो, कारण लांबून लाल रिबीन लाल रिबिनीसारखीच दिसते.

त्यानंतर ऑर्डर्स. हा प्रकार आपल्या पद्म पुरस्कारांच्या जवळचा, एखाद्या दिवसासाठी नाही तर एकूण नोकरीसाठी. नीमकडे कंपॅनियन ऑफ द बाथ होतं, आणि पुढे नाइट झाल्यावर केबीई, म्हणजे ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरमधला नाइट कमांडर, त्यामुळे तो सर फिलिप. बाथ म्हणजे खरोखर आंघोळच हं, मध्ययुगात नाइट करायच्या आधी माणसाला शुद्धीसाठी आंघोळ घालायचे त्यावरून ते नाव. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला हे मिळणार असं साधारण ठरलेलंच असतं, शौर्याशी त्याचा काही संबंध असलाच पाहिजे असं नाही.

मग डीएसओ, नीमला 1916 मध्ये मिळाला. हा मजेशीर आहे. नाव डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस, म्हणजे उत्तम सेवा, आणि पहिल्या महायुद्धाच्या पहिल्या अर्ध्यात तो मागे ऑफिसात बसून नीट रेशन पोचवणाऱ्या स्टाफ ऑफिसरनाही मिळायचा. खंदकातल्या लोकांच्या पोटात दुखणारच ना. शेवटी 1917 पासून सांगितलं की प्रत्यक्ष गोळीबारात असलेल्यांचीच शिफारस करा. म्हणून डीएसओ दिसला की वर्ष बघायचं, 1917 च्या आधीचा की नंतरचा.

यानंतर येतात ती कॅम्पेन मेडल्स, आणि भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. पट्टी लांब दिसते ती यांच्यामुळे. ही शौर्याची नसतात, हजेरीची असतात. अमुक युद्धात अमुक ठिकाणी अमुक तारखांच्या मध्ये होतास ना, घे. 5 ऑगस्ट ते 22 नोव्हेंबर 1914 मध्ये फ्रान्स-बेल्जियमला होता त्याला 1914 स्टार, नीम नोव्हेंबरमध्ये पोचला म्हणून त्याला मिळाला, दोन-तीन आठवडे उशीर झाला असता तर 1914-15 स्टार मिळाला असता, जो दिसायला जवळपास सारखाच आहे. त्यात परत खरोखर गोळीबाराच्या टप्प्यात होता त्यांच्या रिबिनीवर तारखांची पट्टी किंवा चांदीचं बारीक फूल. मग चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, ते 60 लाखांहून जास्त निघाले, आणि दोन इंद्रधनुष्य एकमेकांना चिकटवल्यासारख्या रिबिनीचं व्हिक्टरी मेडल. या तिघांना सैनिक पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड म्हणायचे, ती पेपरातल्या एका कार्टूनमधली पात्रं, कुत्रा, पेंग्विन आणि ससा. सरकारने इतकं गंभीरपणे दिलेल्या मेडल्सना कुत्रा-पेंग्विन-ससा म्हणणं यात त्या पिढीचं सगळं आलं असं मला वाटतं.

व्हिक्टरी मेडलच्या रिबिनीवर छोटं ओकचं पान असेल तर त्याचा अर्थ रिपोर्टात नाव आलंय, मेन्शन इन डिस्पॅचेस. किती वेळा आलं त्याला महत्त्व नाही, पान एकच. आणि एक विचित्र नियम, 1979 पर्यंत शत्रूसमोर शौर्य गाजवून माणूस मेला तर त्याला मिळण्यासारख्या गोष्टी दोनच, सगळ्यात वरचा व्हिक्टोरिया क्रॉस नाहीतर सगळ्यात खालचा मेन्शन. मधलं काही नाही! जिवंत राहिलास तर मिलिटरी क्रॉस, गेलास तर रिपोर्टात नाव. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडग्यांना 1944 मध्ये इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, रायगडात माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि 1945 मध्ये इटलीतच नामदेव जाधवांना मिळाला, ते जिवंत परत आले. पण त्यांच्या आसपास लढून मेलेल्या किती जणांचं प्रकरण त्या मधल्या रिकाम्या जागेत पडलं असेल, कोण मोजणार.

आता पट्टीवर नसलेल्या गोष्टी, आणि नीमच्या बाबतीत त्याच जास्त रंगतदार आहेत.

1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये साहेबांनी गोल्ड मेडल मिळवलं. खेळ कुठला तर पळत्या हरणावर नेमबाजी, टीम इव्हेंट. खरं हरीण नाही, हरणाच्या आकाराचा बोर्ड रुळावरून पळवायचे, साधारण 4 सेकंदात समोरून निघून जायचा, तेवढ्यात दोन गोळ्या मारायच्या. ब्रिटनची टीम नॉर्वेला एका गुणाने हरवून पहिली आली. व्हिक्टोरिया क्रॉस आणि ऑलिंपिक गोल्ड दोन्ही असलेला आजवरचा एकमेव माणूस हा. आणि ते गोल्ड युनिफॉर्मवर लावता येत नाही, ते बक्षीस झालं, सरकारी मानचिन्ह नाही. सोनं म्हणाल तर तेही चांदीवर मुलामाच.

पुढे नोकरी हिंदुस्थानात, बेंगॉल सॅपर्सबरोबर, मग वझिरीस्तानात, मग स्टाफवर. शिकारीचा नाद होताच, त्यात एका वाघिणीने साहेबांना चांगलंच फाडलं. दवाखान्यात ज्या नर्सने शुश्रूषा केली तिच्याशीच 1934 मध्ये लग्न. व्हिक्टोरिया क्रॉसवाला, पळत्या हरणाचा गोल्ड मेडलिस्ट, आणि वाघिणीसमोर नेम हुकला, तेही बरंच झालं म्हणायचं. 1936 मध्ये सरकारी शिष्टमंडळाबरोबर ल्हासाला गेला, तिबेटच्या सैन्याची अवस्था बघून सल्ला द्यायला.

मग 1941, आणि हे पान कुठल्याच मेडलवर नाही. एप्रिल 1941 मध्ये लिबियाच्या सिरेनाइका भागाची कमांड लेफ्टनंट जनरल नीमकडे होती. सैन्य कमी, रणगाडे निम्मे बिघडलेले, अनुभवी तुकड्या ग्रीसला पाठवलेल्या, आणि समोर नुकताच आलेला जर्मन जनरल रोमेल. इंग्रजांची पुरती दाणादाण उडाली. वरिष्ठांचा नीमवरचा विश्वास उडाला होता, म्हणून जनरल ओकॉनरला सल्ला द्यायला पाठवलं, आणि 6 एप्रिलच्या रात्री माघार घेताना डर्नाजवळ रस्ता चुकून दोघे जनरल एकाच गाडीत जर्मनांच्या हाती लागले. सगळा दोष नीमचा असं मी म्हणणार नाही, हातात जे दिलं होतं ते बघता कोणीही आला असता तरी फार वेगळं झालं नसतं, पण खंदकात पाऊण तास डोकं ठिकाणावर ठेवणं आणि शेकडो मैल पसरलेलं सैन्य हलवणं ही दोन वेगळी कसबं आहेत. पहिलं येतं म्हणून दुसरं येईल असं कोणी धरून चालू नये. आणि गंमत बघा, याच दिवसांसाठी त्याच्या हजेरीखात्यात वाळूच्या रंगाच्या रिबिनीचा आफ्रिका स्टार येतो, जिंकणाऱ्याला मिळतो तोच, तसाच.

कैदी म्हणून त्यांना इटलीत फ्लॉरेन्सजवळ विन्चिल्याता नावाच्या किल्ल्यात ठेवलं, तिथे एवढे जनरल आणि ब्रिगेडियर कोंबले होते की स्टाफ मीटिंग भरवावी. त्यात जनरल कार्टन डी विआर्ट पण, एक डोळा, एक हात, वय साठीच्या पुढे आणि त्याच्याकडेही व्हिक्टोरिया क्रॉस. म्हणजे एका किल्ल्यात दोन. या म्हाताऱ्या मंडळींनी पळायचं ठरवलं. भुयाराचा आराखडा अर्थात नीमचा, तिथे दुसरा सॅपर कोण होता. किल्ल्यातलं चॅपल बंद करून ठेवलेलं होतं, त्यात गुपचूप शिरून खाली खड्डा घ्यायचा आणि भिंतीखालून बाहेर. सप्टेंबर 1942 ते मार्च 1943, रोज थोडं थोडं, खडकाळ जमीन, हातात मिळेल ते लोखंड, निघालेली माती त्याच बंद चॅपलमध्ये रचायची म्हणजे बाहेर ढिगारा दिसायला नको. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना खणायला लावलं ते जनरल स्वतः पोटावर सरपटत खणत होते. मार्चच्या शेवटी एका रात्री सहा जण बाहेर पडले, त्यातले दोघे न्यूझीलंडचे ब्रिगेडियर स्वित्झर्लंडला पोचले, बाकीचे पकडले गेले. नीम त्या सहांमध्ये नव्हता. आराखडा त्याचा, बाहेर दुसरे गेले. पुढे सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर गोंधळात यातले बरेच जण निसटले, आणि डोंगरातल्या मठांमध्ये, शेतकऱ्यांच्या घरांत लपतछपत डिसेंबरमध्ये नीम आणि ओकॉनर दोस्तांच्या बाजूला आले. भुयारासाठी मेडल नाही. मला तर वाटतं इंजिनियर म्हणून त्याचं सगळ्यात सुंदर काम तेच होतं.

युद्धानंतर 1945 ते 1953 गर्न्सी बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर, पाच वर्षं जर्मनांच्या ताब्यात राहून काँक्रीटने भरलेलं ते बेट, मग निवृत्ती, 1978 मध्ये 89 व्या वर्षी वारला. त्याचा क्रॉस आता लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमकडे आहे.

भाच्याला हे सगळं पाठवलं तर त्याचा पुढचा मेसेज, आमच्या मित्राच्या आजोळी पत्र्याच्या डब्यात एक जुनं चांदीचं मेडल आहे, त्यावर घोड्यावरचा नागडा माणूस आहे, ते कसलं? ते ब्रिटिश वॉर मेडल, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. सातारा, कोल्हापूर, कोकण पट्ट्यात, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत तर नक्कीच, जुन्या घरांत अशी असू शकतात. चांदीऐवजी कांशाचं असेल तर ते बहुतेक लेबर कोअरवाल्याचं, मजुरी करायला नेलेल्यांना तेवढीच चांदीसुद्धा परवडली नाही सरकारला. आता समोरची बाजू बघत बसू नका, मेडल आडवं धरा आणि खिडकीशी नेऊन कड हळूहळू फिरवा. त्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, नाव इंग्रज कारकुनाला ऐकू आलं तसं, त्यामुळे मोठ्याने वाचून बघा म्हणजे ओळखीचं निघेल. दुसऱ्या महायुद्धाच्या, ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या स्टार्सवर मात्र नाव नसतं, तिथे शोधू नका.

आणि सणाला भांडी घासायला काढली की त्यात हे मेडल टाकू नका. पितांबरी, चिंच, राख, काहीही लावायचं नाही, काळं आहे ते काळंच राहू दे. 1980 च्या आसपास चांदीचा भाव चढला तेव्हा जगभर ही मेडल्स ढिगाने वितळवली गेली, आणि जी वाचली त्यातल्या कितीतरींची कड घासून गुळगुळीत झालीय. भाच्याने फोटो पाठवलाय कडेचा, आजीने दर दसऱ्याला निगुतीने घासलेलं आहे, नंबर लागतो, पलटणीचा पहिला आकडा लागतो, नाव नाही लागत.